तीन वाजताचा स्क्रीनशॉट

गोदातीर न्यायविज्ञान संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रकाश-प्रयोगशाळेत निरीक्षक तुळशीदास बोडके यांनी एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि शेजारी पोस्टमॉर्टेमचे सहा फोटो मांडले. डॉ. हेमांगी ठोसर यांनी पहिला फोटो उचलला आणि लगेच पालथा ठेवला.

"तुमचा विद्यार्थी होता म्हणे," बोडके म्हणाले.

"होता."

निशिकांत वाघचौरे, वय सत्तावीस, सातमाळ धरणाच्या नियंत्रण कक्षातला यंत्रचालक. मंगळवारी दुपारी साडेचारला तो कक्षाच्या फरशीवर सापडला. उजव्या हाताची तीन बोटं दाराच्या फटीत घालून मोडलेली होती. कवटी मागून फुटली होती, आणि ज्या लोखंडी हँडलनं फोडली ते तिथंच पडलेलं होतं. मारणाऱ्यांना घाई नव्हती, हे कुठल्याही शहाण्या माणसाला फोटो बघून कळलं असतं. पाच तास ते तिथं होते.

कारण म्हणाल तर वाळू. धरणाखालच्या पात्रात चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी उभ्या होत्या, आणि मंगळवारी चार वाजता नदीत पाणी सोडायचं ठरलेलं होतं. पाणी सुटलं असतं तर बोटी गेल्या असत्या. दोन दिवस दरवाजे उघडू नकोस, वर काहीतरी कळव, एवढीच त्यांची मागणी. निशिकांतनं "नियमात बसत नाही" असं उत्तर दिलं असणार. हे वाक्य तो प्रयोगशाळेतही येताजाता ऐकवायचा, आणि हेमांगीबाई त्याच्यावर वैतागायच्या.

"कॅमेरे?" डॉ. यूसुफ मणेर यांनी विचारलं. ते हेमांगीबाईंचे सहकारी. बोलायचे कमी, शंका काढायचे जास्त.

"आल्या आल्या फोडले. लॅपटॉप जलाशयात फेकला. पाणबुडे तीन दिवस शोधताहेत. पण एक गोष्ट राहिली." बोडक्यांनी पेन ड्राइव्हवर बोट आपटलं. "धरणावर नियम आहे. दर तासाला यंत्रचालकानं पडद्याचा स्क्रीनशॉट काढून मुख्यालयाला पाठवायचा. पाण्याची पातळी, दरवाजे, सगळं त्यात येतं. पूर्वी लोक आकडे टाइप करून पाठवायचे आणि खोटे पाठवायचे, म्हणून हा नियम. चित्र आलं नाही की धरणाजवळच्या चौकीतून लगेच गाडी निघते. माणसं कक्षात शिरली अकराच्या सुमाराला. तरी बाराचं, एकचं, दोनचं, तीनचं चित्र वेळेवर पोचलं. चारचं आलं नाही, तेव्हा गाडी गेली."

"म्हणजे चार तास त्याला मारत होते आणि मध्येमध्ये बटण दाबायला लावत होते," हेमांगीबाई म्हणाल्या.

"दोनपर्यंत तसंच. पण डॉक्टर म्हणतात, डोक्यावरचा घाव अडीचचा. त्यानंतर तो माणूस शुद्धीवर असणं कठीण. मग तीनचं चित्र कुणी काढलं?"

"मारणाऱ्यानं."

"तेच ह्या ड्राइव्हमध्ये आहे. आणि कमिशनरसाहेब म्हणाले, स्क्रीनशॉटमधून माणूस काढणारी एक बाई तुमच्याकडे आहे. खरं सांगू का मॅडम, मला हे भुताटकीसारखं वाटतं. पडद्यावर आकडे आहेत. माणूस कुठनं निघणार?"

हेमांगीबाईंना समजावून सांगायला आवडत असे. त्या दिवशी आवडत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं.

"नव्या लॅपटॉपचा पडदा म्हणजे चाळीस लाख दिवे. इतके बारीक की आपण त्यांना ठिपके म्हणतो. ह्या दिव्याची एक खोड आहे. वीज दिली तर तो उजेड देतो, आणि वीज काढून घेऊन त्याच्यावर उजेड पाडला तर तो वीज देतो. तीही एवढुशी. पण मोजता येते. पडदा बनवणाऱ्यांनी ह्या खोडीचा उपयोग केला. प्रत्येक ठिपका सेकंदाला नव्वद वेळा क्षणभर विझतो आणि खोलीतला उजेड मोजतो. त्याप्रमाणे आपला रंग दुरुस्त करतो. उन्हात बसलात तरी पडदा फिका दिसत नाही तो त्यामुळे."

"आणि चित्र?"

"प्रत्येक ठिपक्यावर एक सूक्ष्म भिंग असतं. ठिपक्याचा उजेड सरळ तुमच्या डोळ्यांत यावा म्हणून. आता उजेड ज्या वाटेनं बाहेर जातो त्याच वाटेनं आतही येतो. तेव्हा प्रत्येक ठिपक्याला समोरच्या खोलीचा एक कण दिसतो. तुम्ही स्क्रीनशॉट काढलात की लॅपटॉप पडद्यावरचं चित्र साठवतो, आणि रंग पुढं बिघडू नयेत म्हणून त्या क्षणी ठिपक्यांनी मोजलेला उजेडही फाइलच्या शेवटी बांधून ठेवतो. तो कुणी पाहत नाही. आम्ही तो उलगडतो. त्याला आम्ही परतछाया म्हणतो."

"म्हणजे पडद्यासमोर जो बसलाय त्याचा फोटो."

"त्याचा आणि त्याच्या मागच्या खोलीचा. एक लक्षात ठेवा, परतछाया चित्राची नसते, पडद्याची असते. बटण दाबलं तेव्हा जो पडदा उजळलेला होता, त्याच्यासमोर जे होतं तेच दिसतं. दुसरं काही नाही."

हे वाक्य त्यांनी आजवर शंभर वेळा उच्चारलं असेल. व्याख्यानांत, निबंधांत, न्यायालयात दोनदा.

परतछायेचा शोध त्यांच्या नावावर होता, पण पहिला प्रश्न निशिकांतचा. एम.एस्सी.ला असताना तो एकदा लाल शर्ट घालून आला होता आणि म्हणाला होता, "मॅडम, एकाच पानाचा कालचा स्क्रीनशॉट आणि आजचा स्क्रीनशॉट, फाइलचा आकार वेगळा का?" त्या प्रश्नामागं दोघांची दोन वर्षं गेली. पुढं त्याला गावाजवळ सरकारी नोकरी मिळाली. आई आजारी होती, म्हणून तो गेला. हेमांगीबाईंना मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर त्यांनी त्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

मणेरांनी पेन ड्राइव्ह लावून फाइल उघडली. पडद्यावर निळ्या चौकटींत सातमाळचे बारा दरवाजे बंद दिसत होते. कोपऱ्यात घड्याळ होतं, तीन वाजून शून्य मिनिटं.

"ही मूळ फाइल आहे का?" मणेरांनी विचारलं.

"सिंचन खात्याच्या ग्रुपवरून उतरवली. ग्रुप खात्याचा स्वतःचा आहे, फाइल आहे तशी ठेवतो."

"चित्रातलं घड्याळ तीन दाखवतंय. फाइलची स्वतःची वेळ तीन वाजून चार मिनिटं आहे."

"डोंगरातलं नेटवर्क, साहेब. चार मिनिटं म्हणजे लवकरच झालं."

"बारा, एक आणि दोनची चित्रंही हवीत," मणेर म्हणाले.

"मागवतो. कार्यालयीन काम आहे, चार दिवस लागतील."

"यूसुफभाई," हेमांगीबाई म्हणाल्या, "परतछाया आहे ना फाइलला? अख्खी आहे ना? मग आपण थांबायचं कशाला?"

मणेरांनी फाइल उलगडायला लावली. ज्या बाईचा मुलगाच गेल्यासारखा आहे तिच्याशी चार मिनिटांवरून वाद काय घालायचा, असं त्यांना वाटलं. पुढं ह्या चांगुलपणाबद्दल ते स्वतःला कधी माफ करू शकले नाहीत.

"चेहरा निघाला की मला फोन करायचा," जाताना बोडके म्हणाले. "फक्त मला. बाहेर बाकावर तो भाऊ बसलाय, त्याला काही कळता कामा नये. ट्रक चालवतो, डोकं गरम आहे."

भाऊ म्हणजे भानुदास वाघचौरे. सकाळपासून तो जिन्याजवळच्या बाकावर बसून होता. कुणाला त्रास देत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. फक्त हेमांगीबाई दिसल्या की उठून उभा राहायचा. निशिकांतच्या शिक्षणासाठी ह्यानं दहावीत शाळा सोडली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चेहरा निघाला.

आधी उजवीकडं खिडकीचा पांढरा चौकोन आला. मग पंखा. मागं काहीतरी रचून ठेवल्यासारखं दिसत होतं. आणि मग मधोमध माणूस. साठीच्या आतबाहेरचा, जाड चष्म्याचा, पडद्याकडं वाकलेला. डावा हात बटणांवर होता, आणि त्या हाताची बोटं लाल होती. शर्टाच्या खिशावर लाल शिंतोडे होते. उजवा हात डोक्याच्या मागं उंच गेलेला, मुठीत हातभर लांबीचा दांडा. एका हातानं बटण दाबत दुसऱ्या हातानं तो पुढचा घाव घालायच्या तयारीत होता. निशिकांत दिसत नव्हता. दिसणार कसा, तो खाली फरशीवर असणार. माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. उलट डोळे अर्धे मिटून त्याला बरं वाटत असल्यासारखं दिसत होतं.

ह्या शेवटच्या गोष्टीनं हेमांगीबाईंचं भान सुटलं. आयुष्यात कुणाच्या मरणाची इच्छा त्यांनी केली नव्हती. त्या सकाळी केली, आणि मनापासून केली. रडत रडतच त्यांनी संस्थेचा ठरलेला तक्ता भरला. चित्रातील व्यक्ती: अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ. कृत्य: वध. शस्त्र: लोखंडी दांडा. मूळ फाइल तपासली आहे का: होय.

हा शेवटचा रकाना सगळे न वाचताच भरत. त्यांनीही तो न वाचता भरला.

डोळे पुसून त्या वळल्या तेव्हा काचेच्या दारापलीकडं भानुदास उभा होता. त्यांचं रडणं त्यानं पाहिलं होतं.

"निघाला का वो, मॅडम?"

नाही म्हणायला हवं होतं. मणेर तेव्हा खालच्या मजल्यावर होते. हेमांगीबाईंनी दार उघडलं.

"मला नाव नगं, गाव नगं," भानुदास म्हणाला. "निस्तं त्वांड दावा. म्हातारीनं हाय खाल्लीय. तिला सांगायला तरी पायजे, कुणी मारलं त्ये."

त्यांनी पडदा त्याच्याकडं फिरवला.

तो बराच वेळ बघत राहिला. 

"ह्यो?" तो म्हणाला. "ह्यो मानूस? अवो, ह्यानं मला च्या पाजला! गुरुवारी कागद द्याला गेलो व्हतो ना सिंचनाच्या हापिसात, ह्योच बसला व्हता टेबलाला. कानडे नाव हाय त्याचं. मला खुर्ची दिली. पाठीवर हात फिरावला. डोळ्यांत पानी काढलं ह्यानं माझ्यापुढं! भावाला मारून मला च्या पाजतोय!"

"तुम्ही थांबा. मी बोडकेसाहेबांना—"

तो जिन्यावरून खाली गेलासुद्धा.

टेबलावर फोन होता. त्यावर एक बटण होतं, ते दाबलं की खालचं फाटक बंद होई. हेमांगीबाईंनी फोन उचलला, बटणावर बोट ठेवलं, आणि खिडकीतून त्यांना भानुदास ट्रककडं पळताना दिसला. सीटखालून त्यानं चाकं उघडायची टॉमी काढून शेजारी ठेवली. त्यांनी फोन खाली ठेवला. अकरा मिनिटांनी परत उचलला आणि बोडक्यांना लावला. ती अकरा मिनिटं आपण काय करत होतो, हे त्यांनी पुढं कुणालाही खोटं सांगितलं नाही. त्या वाट पाहत होत्या.

सिंचन मंडळाचं कार्यालय संस्थेपासून ट्रकनं दहा मिनिटांवर होतं.

विश्वंभर कानडे, वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला सात महिने राहिलेले, आपल्या टेबलाशी बसून 'तातडीचे' असा शिक्का मारत होते. शिक्क्याची गादी जुनी होती, लाल शाई बोटांना लागायची. भानुदास आला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखीचं हसले.

"या, वाघचौरे. तुमचा कागद वर गेला बरं का. बसा."

"मंगळवारी तीन वाजता काय करत व्हतास?"

"मंगळवारी?" कानडे सरळ माणूस. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना कळे. "तीनला म्हणजे... सातमाळचा स्क्रीनशॉट काढला. मीच काढतो रोज. का हो?"

पहिला घाव गळ्याजवळच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू गेला. खुर्ची उलटली. कानडे टेबलाखाली सरकायला लागले, तर त्यानं पाय धरून ओढून काढलं. दुसरा घाव त्यांनी हातावर घेतला आणि हात कोपरात मागं वळला. "अहो, माझं काय चुकलं ते तरी सांगा," असं ते म्हणाले. हे वाक्य नऊ जणांनी जबाबात सांगितलं. कपाटांमागं लपलेल्या त्या नऊ जणांपैकी एकानंही पुढं पाऊल टाकलं नाही. एकानं मात्र मोबाइल वर धरून चित्रण केलं. तिसरा, चौथा, पाचवा घाव डोक्यावर पडला. चौथ्यानंतर कानडे काही बोलले नाहीत. टेबलावरच्या शिक्क्याच्या गादीवर, जावक वहीवर आणि उघड्या लॅपटॉपवर रक्त उडालं. भानुदास सातव्या घावानंतर थांबला, कारण टॉमी हातातून निसटत होती.

बोडक्यांची जीप आली तेव्हा तो कार्यालयाच्या पायरीवर बसला होता. टॉमी मांडीवर होती.

"झालं साहेब," तो म्हणाला. "माझ्या आईला कळवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोडके प्रयोगशाळेत आले ते पिशवीत लॅपटॉप घेऊन. कानड्यांचा लॅपटॉप. बटणांच्या फटींत रक्त वाळून काळं झालेलं होतं. बोडके बसले नाहीत.

"मंगळवारी कानडे दिवसभर ऑफिसात होते. हजेरीचा अंगठा सकाळचा आहे, संध्याकाळचा आहे. दुपारी एकाचा निरोपसमारंभ होता, त्याच्या फोटोत आहेत. एकवीस माणसं सांगताहेत. सातमाळ तिथून नव्वद किलोमीटर."

"शक्य नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "तो तीनच्या चित्रात आहे. मी पाहिलाय."

"मीही पाहिलाय. म्हणून तर विचारतोय."

मणेर एवढा वेळ लॅपटॉपच्या पिशवीकडं पाहत होते. त्यांचा आवाज अगदी हळू निघाला.

"बोडकेसाहेब, धरणावरून निघालेलं चित्र ग्रुपवर कसं येतं? पायरी पायरीनं सांगा."

"धरणावरून वेगळ्या लाइननं कानड्यांच्या लॅपटॉपवर यायचं. ते ग्रुपवर टाकायचे."

"टाकायचे म्हणजे? फाइल पुढं पाठवायचे?"

"छे. उघडायचे, पडदाभर मोठं करायचे, त्याचा स्क्रीनशॉट काढायचे आणि तो टाकायचे. अहो, सगळे तसंच करतात. फाइल पाठवली की साहेबांच्या फोनवर उघडत नाही, मग फोन करून शिव्या देतात. स्क्रीनशॉट कसा लगेच दिसतो." बोडक्यांनी खिशातून आपला फोन काढला. "माझ्याकडे बघा ना. समन्स, आदेश, लग्नपत्रिका, सगळ्यांचे स्क्रीनशॉटच आहेत. मूळ कागद कोण पाठवतं?"

बोलता बोलता ते थांबले. 

मणेरांनी शेवटी सांगितलं, कारण कुणीतरी सांगायलाच हवं होतं. "कानड्यांनी चित्राचं चित्र काढलं. वरचं दृश्य धरणाचं राहिलं, त्यातलं घड्याळही धरणाचंच, तीन वाजताचं. पण परतछाया नव्यानं बांधली गेली. कानड्यांच्या पडद्याची. उघडून, मोठं करून, बटण दाबायला त्यांना चार मिनिटं लागली."

"त्याच्या हातात दांडा होता," हेमांगीबाई म्हणाल्या.

"रेघा मारायचा रूळ," बोडके म्हणाले. "पंचनाम्यात आहे. ऑफिसातली माणसं सांगतात, दिवसभर त्यानं पाठ खाजवत बसायचे."

हेमांगीबाई खुर्चीवर बसल्या. ती निशिकांतची खुर्ची होती. 

कानडे फार टापटिपीचे होते. त्यांच्या लॅपटॉपवर एक कप्पा होता, 'सातमाळ मूळ. पुसू नये'. त्यात तारखेनुसार धरणावरून आलेली प्रत्येक फाइल होती, जशीच्या तशी. मंगळवारची बाराची, एकची, दोनची, तीनची. बोडक्यांना जी मागवायला चार दिवस लागणार होते ती चित्रं हीच. कानड्यांच्या टेबलाशी जाऊन मागितली असती तर त्यांनी चहा पाजून दिली असती.

चारही फाइलींच्या परतछाया उलगडायला दीड दिवस लागला. हेमांगीबाई तेवढा वेळ तिथून हलल्या नाहीत.

बारा वाजता निशिकांत पडद्यासमोर ताठ बसलेला, दोन्ही खांद्यांवर कुणाचे तरी हात. त्या माणसांची डोकी चौकटीच्या वर कापली गेलेली. एक वाजता नाकातून रक्त, एक डोळा सुजलेला. पडदा थोडा मागं कललेला होता, त्यामुळं मागच्या एकाची हनुवटी चौकटीत आली होती. दोन वाजता उजवा हात छातीशी धरलेला, बोटं भलत्याच दिशेला. पडदा अजून थोडा मागं. एकाचा चेहरा नाकापर्यंत.

तीन वाजता तो शुद्धीवर होता. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. डोक्यातून रक्ताचा ओहोळ गळ्यापर्यंत आला होता, आणि एकानं केसांना धरून त्याचं डोकं वर उचललं होतं. बटणं तो डाव्या हातानं दाबत होता. पडदा इतका मागं कललेला की मागची दोन्ही माणसं कमरेपासून टाळूपर्यंत चौकटीत होती. एकाच्या गळ्यात ताईत, दुसऱ्याच्या हातात दरवाजाचं हँडल. दोघं आकडे वाचत होते. पडद्यावर नवं काही जात नाहीये ना, ही खात्री करून घेत होते.

निशिकांत आकडे वाचत नव्हता. तो पडद्याच्या बरोबर मध्यावर, थेट ठिपक्यांमध्ये, उरलेल्या एका डोळ्यानं पाहत होता. तीन तास मार खात दर तासाला त्यानं झाकण बोटभर मागं ढकललं होतं, कुणाला कळू न देता. आपलं हे चित्र शेवटी कुठल्या टेबलावर जाणार, ते कोण उलगडणार, हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. तो हेमांगीबाईंकडं पाहत होता.

दोघं वाळूवाले त्याच संध्याकाळी पकडले गेले. चेहरे इतके स्वच्छ होते की बोडक्यांना कुणाला विचारावंही लागलं नाही.

"भानुदासला कुणी सांगायचं?" बोडक्यांनी विचारलं. "कोठडीत शांत झोपतो तो. भावाचं ऋण फिटलं म्हणतो. आईनंही काल जेवण घेतलं."

"मी सांगेन," हेमांगीबाई म्हणाल्या. "पण आधी माझा जबाब घ्या. त्याला जोडायला एक कागद लागेल."

त्यांनी आपल्या लॅपटॉपवर तो पहिला तक्ता उघडला. अनोळखी पुरुष. वध. लोखंडी दांडा. होय. फाइलच पाठवता आली असती. त्यांनी तक्ता पडदाभर मोठा केला आणि स्क्रीनशॉट काढला. मग मणेरांना म्हणाल्या, "ह्याची परतछाया काढा."

"हेमांगीताई, नको."

"नियमात बसतं, यूसुफभाई. प्रत्येक पुराव्याची काढतो आपण."

सकाळी ती तयार झाली. मागं खिडकी, शेल्फवरची भिंगं, आणि मधोमध पडद्याकडं वाकलेली एक पांढऱ्या केसांची बाई. शस्त्र दिसत नव्हतं. हात बटणांवर होते. हेमांगीबाईंनी कोरा तक्ता घेतला आणि ह्या वेळी प्रत्येक रकाना वाचून भरला.

चित्रातील व्यक्ती: हेमांगी वामन ठोसर, वय बावन्न.

कृत्य: विश्वंभर कानडे यांचा वध.

मूळ फाइल तपासली आहे का: होय.